सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही

गाडी चालू होत नाही म्हणून मिस्त्रीला फोन लावला, की जाणता मिस्त्री आधी एवढंच विचारतो, “सेल्फ घेतोय का?” याचं नीट उत्तर देता आलं तर निम्मं निदान फोनवरच होतं. आपण मात्र “काहीच होईना ओ” म्हणून मोकळे होतो. काहीच होईना म्हणजे काय? किल्ली फिरवली तरी मीटरमधले दिवेसुद्धा लागत नाहीत? दिवे लागतात, पण सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ होऊन थांबतं? सेल्फ कुथत कुथत दोन फेरे घेतो आणि दम सोडतो? की रोजच्यासारखा जोरात फिरतो, पण इंजिन पकड घेत नाही? या चार निरनिराळ्या तक्रारी आहेत. पहिल्या तीन बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग नाहीतर खुद्द सेल्फच्या. चौथी असेल तरच प्लगपर्यंत करंट पोचतो का, हे शोधायला बसायचं.

हे सगळं पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांबद्दल आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. त्यामुळे डिझेलवाल्यांनी हीटर प्लग, फिल्टर आणि लाइनमध्ये शिरलेली हवा बघावी, प्लग-कॉईलच्या नादी लागू नये.

‘कॉईल गेली’ हे निदान कुठून आलं

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही म्हटलं, की आपल्याकडे अजूनही झटकन निकाल लागतो: कॉईल गेली. या निदानाला इतिहास आहे आणि त्यात सोलापूरचाही थोडा वाटा आहे. वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे, जन्म १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११००, पुढे प्रीमियर पद्मिनी रस्त्यावर आली. महाराष्ट्रातल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्यांचा हात या गाडीवर आणि अॅम्बॅसेडरवर बसला. या गाड्यांत चार सिलिंडरना मिळून कॉईल एकच. कॉईलमधून निघालेला करंट जाड वायरनं डिस्ट्रिब्युटरमध्ये जायचा आणि तिथे फिरणारा रोटर तो १-३-४-२ या क्रमानं चार प्लगना वाटून द्यायचा. ती एक कॉईल बसली, की चारही प्लग थंड. तेव्हा ‘कॉईल गेली’ हा अंदाज बऱ्याचदा खरा ठरायचा.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल असते. चारांतली एक गेली तर इंजिन उरलेल्या तिनांवर थरथरत का होईना चालू होतं, पिकअप जातो, इंजिनाची पिवळी लाईट लुकलुकते. चारही कॉईल एकाच सकाळी संपावर गेल्या असं सहसा घडत नाही. मधल्या काळातल्या काही गाड्यांत एक कॉईल दोन सिलिंडर सांभाळते. तिथेही एक गेली तर इंजिन अर्ध्यावर येतं, पण साफ मुकं होत नाही.

म्हणून गाडी किती साली बनली यावरून संशय कुठे घ्यायचा हे ठरतं. नव्या गाडीत सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन अजिबात दाद देत नाही, तर ज्या एकेका वस्तूवर सगळे सिलिंडर अवलंबून आहेत त्या आधी तपासायच्या: बॅटरीचा दाब, मुख्य फ्यूज आणि रिले, किल्लीचं इमोबिलायझर, क्रँक सेन्सर, पेट्रोल पंप. चार कॉईल आणि चार प्लग बदलून चालू न झालेली गाडी शेवटी एका रिलेवर चालू होते, असे किस्से कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ऐकायला मिळतील. त्या चार कॉईलचे पैसे परत मिळाल्याचा किस्सा मात्र कुणी सांगत नाही.

बॅटरी आधी, कानावर विसंबू नका

सेल्फ जोरात फिरतोय असं कानाला वाटलं तरी मीटर लावून बघा. साधा डिजिटल मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो आणि गाडीवाल्याच्या घरात तो असायलाच हवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली समजा. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर उतरलेली. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. मीटरच्या दोन्ही टोच्या बॅटरीच्या टर्मिनलना धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल तर इग्निशन तपासण्यात अर्थ नाही. सेल्फ तेवढ्यावरही कसाबसा फिरतो, पण कॉईलला पुरता दाब मिळत नाही, प्लगवर फिकट पिवळी ठिणगी पडते आणि काही गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटरच क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो. बाहेरून सगळी लक्षणं इग्निशनची दिसतात, रोग बॅटरीचा असतो.

थंड मुलखात बॅटऱ्या हिवाळ्यात दगा देतात. आपल्याकडे त्यांचं आयुष्य उन्हाळा खातो. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या प्लेटा लवकर गंजतात. पाणी घालायची झाकणं असलेली बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी चुकूनही नको, आपल्या भागातल्या पाण्यातले क्षार तिला आणखी लवकर मारतील.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ती धुऊन काढा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. मग अर्थिंग. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी वेणीसारखी पट्टी किंवा जाड वायर असते, ती गंजली वा सैल झाली की करंट अडतो. तपासणी सोपी आहे: मीटरची एक टोची बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला तर अर्थिंग साफ करून घट्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. गाडी चालू होत नाही या रागात मिनिटभर किल्ली दाबून धरणारे लोक एका बिघाडाचे तीन करतात: बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि प्लग पेट्रोलनं भिजतात.

किल्ली फिरवा, पण सेल्फ मारू नका

आता नुसती किल्ली ऑन करा, बटणाची गाडी असेल तर ब्रेक-क्लच न दाबता, मीटरमधले दिवे लागेपर्यंत बटण एक-दोनदा दाबा. गाडी शांत असताना दोन सेकंदांत बरंच काही कळतं. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराची पिवळी लाईट लागली पाहिजे. ती लागलीच नाही तर बहुधा कॉम्प्युटरला करंटच पोचत नाही. मेन रिले, त्याचा फ्यूज किंवा बल्बच गेलेला. त्याच वेळी मागच्या सीटखालून ‘घूं’ असा दोनेक सेकंदांचा आवाज यायला हवा, तो पेट्रोल पंप. कुणाला तरी मागे बसवून कान लावायला सांगा. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक गाड्यांत नकाशा असतो. पंपाचा रिले आणि हॉर्नचा रिले एकसारखे असतील तर अदलाबदल करून पाहता येते, खर्च शून्य. उडालेल्या फ्यूजच्या जागी मात्र तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. तार गुंडाळून काम भागवलं तर पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेली लाईट लुकलुकत राहिली तर इमोबिलायझरनं किल्ली ओळखलेली नाही. अशा वेळी काही गाड्यांत सेल्फ छान फिरतो पण स्पार्क मिळत नाही. काही गाड्या चालू होऊन सेकंदभरात बंद पडतात. दुसरी किल्ली असेल तर लावून बघा. बटणाच्या गाडीत रिमोटची छोटी बॅटरी उतरली असेल तर रिमोटच बटणाला टेकवून धरा, बहुतेक कंपन्यांनी ही सोय ठेवलेली असते. किल्लीत चिप असते आणि बाजारातल्या साध्या डुप्लिकेट किल्लीत ती नसते, त्यामुळे दार उघडतं पण गाडी चालू होत नाही.

इग्निशन स्विचही कधी झिजतो, विशेषतः किल्लीच्या जुडग्यात घर, दुकान, गोदाम अशा अर्धा किलोच्या किल्ल्या लटकत असतील तर. खूण अशी: सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडली की लगेच मरतं. काही जुन्या गाड्यांत कॉईलच्या लाइनमधला बॅलास्ट रेझिस्टर तुटला तरी हेच होतं, कारण सेल्फ मारताना त्याला वळसा घालून करंट थेट कॉईलला जातो.

प्लगवर ठिणगी पडते का

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर एक प्लग काढा. इंजिन थंड असू द्या. अॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग सोडवला तर आटे निघून यायची भीती असते. आधी आजूबाजूची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. आपल्या रस्त्यांवर ही धूळ काही थोडी नसते.

बाहेर आलेला प्लग उजेडात धरून बघा. टोकाला पेट्रोलचा ओलावा आणि वास असेल तर पेट्रोल पोचतंय, स्पार्क होत नाही किंवा वारंवार सेल्फ मारून इंजिन भिजलंय. काळी, कोरडी, काजळीसारखी पूड असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी दुबळी आहे. काळा तेलकट थर असेल तर ऑईल वर चढतंय, त्याला इग्निशनचा दोष देऊ नका. फिकट तपकिरी रंग हा चांगल्या तब्येतीचा. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढा बारीक तडा किंवा पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तो प्लग बाद. करंट टोकाशी न जाता त्या रेघेवरून पळ काढतो. सगळे प्लग काढलेत तर ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानंच ठेवा. चारांत एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे, चारही सारखेच ओले किंवा सारखेच कोरडे दिसले तर सामाईक.

कोरड्या प्लगबाबत एक खोच आहे. “प्लग कोरडा आहे, म्हणजे पेट्रोल येत नाही, म्हणजे इग्निशन ठीक” असं म्हणून पंप बदलायला निघू नका. क्रँक सेन्सर मेला असेल तर कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. मग तो स्पार्कही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. प्लग कोरडा आणि ठिणगीही नाही, ही जोडगोळी दिसली की संशय सेन्सरवर घ्यायचा.

ठिणगी पाहण्यासाठी स्पार्क टेस्टर नावाचं स्वस्त साधन मिळतं, तेच वापरावं. ते नसेल तर जुना पण धड प्लग कॉईलमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग जाड वायरनं इंजिनाशी पक्कं जोडा, आणि दुसऱ्याला दोन-तीन सेकंद सेल्फ मारू द्या. प्लग हातात धरायचा नाही. पद्मिनीच्या काळात झटका बसला की लोक हसून सोडून देत. आजच्या कॉईल तीस हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब सहज काढतात. छातीत पेसमेकर असलेल्यांनी तर जवळही उभं राहू नये. वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवून ‘कुठवर उडी मारते’ हेही बघू नका, त्यात कॉईलमधलं इलेक्ट्रॉनिक्स जळतं. चाचणीआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, सीएनजीचा हातानं बंद करायचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका.

निळसर-पांढरी, ‘चट्ट चट्ट’ आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी-तांबूस, मधूनच गळणारी ठिणगी उघड्या हवेत दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तिचा टिकाव लागत नाही. ठिणगी खणखणीत आणि प्लग ओलेचिंब असतील तर इंजिन भिजलेलं आहे: इंजेक्शनच्या गाडीत अॅक्सिलरेटर तळाला दाबून धरून सेल्फ मारा, बहुतेक गाड्यांत त्यामुळे तेवढ्यापुरतं पेट्रोल बंद होऊन नुसती हवा जाते. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भुर्रकन, एका सुरात फिरतोय असं वाटलं तर ताबडतोब थांबा. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे आणि पुढचा प्रत्येक सेल्फ व्हॉल्व्हवर बेतू शकतो.

तापल्यावर बंद, निवल्यावर चालू

आपल्या भागात सगळ्यात जास्त छळणारा बिघाड हा. सकाळी गाडी एका झटक्यात चालू होते. भर दुपारी मोहोळच्या पुढे कुठेतरी चालता चालता बंद पडते, पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली उभी केली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये नेली तर एकदम शहाणी. मिस्त्री म्हणतो गाडीत काही नाही, घरचे म्हणतात तुम्हालाच चालवता येत नाही.

यात पहिला संशयित क्रँक सेन्सर. फ्लायव्हीलजवळ किंवा पुलीजवळ दातेरी चाकासमोर हा बसवलेला असतो आणि दात मोजून पिस्टन कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळवतो. आतल्या बारीक तारेला तडा गेला असेल तर तापल्यावर तार प्रसरण पावून तुटते, निवल्यावर जुळते. कॉईलही असंच वागू शकते, आणि मारुती ८०० किंवा झेनसारख्या जुन्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमधलं इग्नायटरही. दुसरीकडे कार्ब्युरेटरच्या गाडीत उन्हानं लाइनमधल्या पेट्रोलची वाफ झाली तरी लक्षण हुबेहूब हेच दिसतं. फरक कसा ओळखायचा? गाडी बंद पडलेली असतानाच ठिणगी तपासायची. ठिणगी असेल तर पेट्रोलकडे वळा, नसेल तर इग्निशनकडे. निवून चालू झालेल्या गाडीची तपासणी करून हाती काही लागत नाही. म्हणून अशी तक्रार असलेल्यांनी स्पार्क टेस्टर डिकीत नव्हे, हाताशी ठेवावा.

स्कॅनर असेल तर काम आणखी सोपं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या पेट्रोल गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र हजारभर रुपयांच्या आत मिळतं आणि त्यातली माहिती मोबाईलवर दिसते. सेल्फ मारत असताना आरपीएमचा आकडा बघा. सेल्फ फिरतोय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल येत नाही. दीड-दोनशे किंवा थोडा जास्त दाखवतोय तर सेन्सर तूर्त जिवंत आहे. स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडांत पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी०३४० कॅम सेन्सरच्या, पी०३५१ पासून पुढचे एकेका कॉईलचे, पी०३०१ पासून पुढचे एकेका सिलिंडरच्या मिसफायरचे. कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कनेक्टर आहे आणि दोन-तीन हात वायरही आहे. कॅम सेन्सर गेला तर बऱ्याच गाड्या उशिरा का होईना चालू होतात, काही होत नाहीत. (ज्या कॅमशाफ्टकडे हा सेन्सर टक लावून असतो, ती चिंचोली एमआयडीसीतल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये ओतली गेलेली असू शकते. देशोदेशीच्या गाड्यांना इथून कॅमशाफ्ट जातात, हे सोलापूरच्याच कितीतरी गाडीवाल्यांना माहीत नसतं.)

एकाच सिलिंडरची कॉईल खराब आहे असा संशय असेल तर दुकान गाठायच्या आधी दोन नंबरची कॉईल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. मिसफायरचा कोड पी०३०२ वरून पी०३०३ वर गेला तर दोष कॉईलचाच, तिच्याबरोबर तो सरकला. जागेवरच राहिला तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर.

सीएनजीवाल्यांसाठी एक गोष्ट. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते. त्यामुळे प्लग आणि कॉईल म्हातारी झाली की गाडी पेट्रोलवर गुपचूप चालते आणि सीएनजीवर टाकली की झटके देते. लोक किटवाल्याकडे जाऊन ट्यूनिंग करत बसतात. आधी प्लगमधली फट मोजा. आणि टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून वर्षभर गॅसवर फिरू नका. बहुतेक गाड्या चालू पेट्रोलवरच होतात. पेट्रोल जुनं झालं, त्यातल्या इथेनॉलनं ओल धरली किंवा पंप कोरडा फिरून जळला, तर सेल्फ जोरात फिरेल आणि इंजिन पकडणार नाही. इग्निशन बिचारं त्यात निर्दोष असतं.

पाणी आणि उंदीर

पावसाळ्यात किंवा इंजिन धुऊन आणल्यावर गाडी चालू होईना, तर कॉईल काढून प्लगच्या विहिरीत डोकावा. तळाशी पाणी दिसेल. हवेच्या दाबानं किंवा कापडानं कोरडं करून पुन्हा बसवलं की काम होतं. तिथे ऑईल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं सील गेलंय. नुसत्या कॉईल बदलत राहिलात तर ऑईलनं त्यांचे रबरी बूट पुन्हा फुगतील. बुटावर आतून पांढरट-तपकिरी रेघ दिसली तर करंट तिथून गळतोय. जाड वायरींच्या गाडीत अंधार पडल्यावर बोनेट उघडा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, आणि हात लांब ठेवून बघा: गळक्या वायरीवर निळ्या ठिणग्या सरपटताना डोळ्यांना दिसतात.

मार्केट यार्डाच्या आसपास, धान्याच्या गोदामाजवळ किंवा उसाच्या फडालगत गाडी लावणाऱ्यांनी काल चालू असलेली गाडी आज मुकी झाली तर सगळ्यात आधी उंदीर आठवावा. बोनेटखाली दाण्यांची टरफलं, लेंड्या, कुरतडलेल्या रबराचा चुरा दिसतो का बघा आणि सेन्सरच्या बारीक वायरी बोटांनी चाचपत जा. तुटलेली वायर सोल्डर करून नीट स्लीव्ह घालून घ्या; नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर पुढच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो आणि दुखणं परत येतं.

जुनी गाडी जपणाऱ्यांसाठी

पद्मिनी, अॅम्बॅसेडर किंवा जुनी ८०० हौसेनं ठेवलेली असेल तर मजा वेगळी आहे, इथे सगळं डोळ्यांनी दिसतं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा आणि सेल्फ मारून रोटर फिरतो का बघा. ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो. इंजिन फिरतंय आणि रोटर स्तब्ध, म्हणजे टायमिंग बेल्ट तुटला, इग्निशनची चर्चाच संपली. झाकणाच्या आत पितळी टोकांच्या मध्ये बारीक काळी, फांद्या फुटलेली रेघ आहे का? ती घासून जात नाही, झाकणच बदलावं लागतं. मधला कार्बनचा दाणा स्प्रिंगवर खाली-वर होतो का, की झिजून गेलाय?

मग डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. दोन्ही तोंडं उघडून भिंगातून बघितली तर एका तोंडावर टेकडी आणि दुसऱ्यावर तेवढाच खड्डा दिसतो. थोडं असेल तर चालतं, पण नवे पॉइंट महिन्याभरात असे झाले तर कंडेन्सर जुळणारा नाही. फट साधारण ०.४ मिलिमीटर, फीलर गेजनं मोजायची. व्हिजिटिंग कार्डनं काम भागतं ते घरी पोचण्यापुरतं. कंडेन्सर मेला की पॉइंटमध्येच पिवळी ठिणगी पेटते आणि प्लगवर काहीच पडत नाही. तो दिसायला साधा, किमतीलाही स्वस्त, आणि रस्त्यात अडकवण्यात याचा हात धरणारा दुसरा पार्ट नाही. एक जादा ठेवावा. जाड वायरी काढायच्या असतील तर आधी चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा. ८०० तीन सिलिंडरची, क्रम १-३-२. क्रम चुकला तर ठिणगी खणखणीत असूनही गाडी सायलेन्सरमधून फटाके फोडत राहील.

ढकलायची की ओढून न्यायची

बॅटरी उतरलेली हातगिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून चालू होते. पण सेल्फ चांगला फिरूनही जी गाडी पकडत नाही तिला ढकलून काय होणार? सेल्फनं जे होईना ते चार माणसांनी होणार नाही. उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा पार्ट खराब व्हायचा. ऑटोमॅटिक गाडी तर ढकलून चालू होतच नाही. ती ओढून नेतानाही पुढची चाकं रस्त्यावर घसटत नेऊ नका, सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

पुणे-सोलापूर हायवेवर गाडी बंद पडली तर वरची कुठलीही चाचणी लेनमध्ये उभं राहून करायची नाही. गाडी डावीकडे कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण पन्नासेक मीटर मागे ठेवा, माणसांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे. गाडी हलवण्यासाठी तिथे फोन करता येतो.

गॅरेजवाल्याला ‘कॉईल बदला’ किंवा ‘सेन्सर बदला’ असं सांगू नका, लक्षणं सांगा: सेल्फ कसा फिरतो, सेल्फ मारताना किती व्होल्ट, पिवळी लाईट लागते का, पंपाचा आवाज येतो का, ठिणगी कशी, प्लग ओला की कोरडा, गाडी थंड असताना होतं की तापल्यावर. हे कागदावर लिहून दिलं तरी चालेल. आणि काम सोपवतानाच सांगून ठेवा, की बदललेला प्रत्येक जुना पार्ट नव्याच्या डब्यात घालून परत हवा. जुन्या पद्धतीची दोन टर्मिनलची कॉईल असेल तर घरी मीटर ओहमवर ठेवून प्लस आणि मायनसच्या मध्ये मोजून बघा. गाडीप्रमाणे अर्ध्या ते तीन ओहमच्या दरम्यान आकडा आला तर आतली तार निदान तुटलेली तरी नाही, आणि ती का बदलली हे मिस्त्रीला विचारायला हरकत नाही.